तुम्ही विचारलंत म्हणून: इंद्रजाल कॉमिक्सचा जुना अंक घेताना आधी काय बघायचं?

मुखपृष्ठ नव्हे, मधलं पान. या चित्रकथांचा नायक वेताळ (फँटम) वर कितीही झळकत असला तरी अंक आधी मधोमध उघडा.

हे अंक पाठीवर पिना मारून बांधलेले. दुमडलेला एक कागद म्हणजे चार पानं. बाहेरच्या एखाद्या कागदाचा अर्धा भाग फाटून गेला असेल, तर पिनेच्या डाव्या-उजव्या बाजूंची पानं सारखी भरत नाहीत आणि चोरी लगेच पकडली जाते. मधला कागद मात्र गंजक्या पिनेतून अख्खाच निसटतो. दोन्ही बाजू तरीही सारख्याच मोजल्या जातात, आणि फसगत होते ती इथेच. म्हणून एकूण पानं मोजा: अगदी सुरुवातीच्या अंकांत 28, नंतरच्या बऱ्याच अंकांत 32. निव्वळ गोष्टीवर विसंबू नका. ठरलेल्या पानांत बसवण्यासाठी मूळ चित्रपट्टीतल्या चौकटी सर्रास गाळल्या जायच्या, त्यामुळे गोष्ट एकदम उडी मारते ती कधीकधी संपादकाच्या कात्रीने.

दुसरं, बाइंडिंग. घरोघरी दहा-बारा अंक एकत्र शिवून घ्यायची पद्धत होती. बाइंडर तीन बाजू कापून सारख्या करतो, त्यात समास जातो, एखादा संवादाचा फुगाही अर्धा होतो. असे अंक नंतर सोडवून सुटे विकले जातात. पाठीजवळ दोऱ्याची भोकं दिसली की समजा. वाचायला उत्तम, पण सुट्या अंकाचा भाव त्याला देऊ नये.

‘संपूर्ण 805 अंकांचा संच’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मार्च 1964 ते 1990 या काळात इंग्रजी अंक निघाले 803. क्रमांक 123 आणि 124 प्रकाशक ‘टाइम्स ऑफ इंडिया’मधल्या संपामुळे छापलेच गेले नाहीत. तुमच्या संग्रहाच्या यादीतल्या त्या दोन रिकाम्या चौकोनांपायी झोप घालवू नका.

झेरॉक्सचं मुखपृष्ठ ओळखायला दहापट भिंग पुरतं. मूळ छपाईत रंगांचे ठिपके सुटे, नीट रचलेले दिसतात. नकलेत ठिपक्यांवर ठिपके चढून जाळीदार लाटा उमटतात. आतल्या पानांवर अतिनील टॉर्च मारा. जुना वर्तमानपत्री कागद मंद राहतो, आजचा पांढरा कागद निळसर चमकतो. गुळगुळीत मुखपृष्ठाला मात्र ही कसोटी लावू नका, तिथे अस्सलही चमकू शकतं.

घरी आणल्यावर पहिलं काम पिनांचं. पिन काढायच्या चिमट्याने ओढलीत तर गंजाने कुजलेला कागद सोबत येतो. मधलं पान उघडा, पिनेच्या पायांखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, बोथट पातीने पाय सरळ करा आणि पिन पाठीकडून अलगद काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. फाटलेल्या जागी सेलोटेप नको: त्याचा गोंद कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा. लॅमिनेशन म्हणजे तर अंकाला जिवंत गाडणं.

पॉलिएस्टरच्या पिशवीत आम्लमुक्त पुठ्ठा घालून अंक उभे ठेवा. पिशवीत घालायचे ते कोरड्या दिवसांत. भर पावसाळ्यात दमट अंक बंद केला की आत बुरशी. डांबरगोळ्या नकोत. कसर लागली असेल तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं.