फुकटचं प्यादं

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून फोन आला आणि पहिल्यांदा डोळ्यासमोर आला तो आमच्या गणिताच्या सरांचा बुद्धिबळाचा पट. खिळ्याला टांगायचा, रेक्झिनचा, प्रत्येक ओळीला प्लास्टिकची पट्टी आणि त्यात सोंगट्यांची चित्रं खोचायची. काळा हत्ती एक हरवला होता, सरांनी पोस्टकार्ड कापून स्केचपेनने नवीन काढलेला, तो बाकीच्यांपेक्षा जरा मोठाच झाला होता.

आमची दहावी ९५-९६ची. सप्टेंबरात आपला विश्वनाथन आनंद न्यूयॉर्कला तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह याच्याशी बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी खेळत होता, पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने जिंकला आणि शाळेत दुसरा विषयच नाही. एका ऑफ पिरियडला सर म्हणाले, आनंदचे डाव नंतर, आधी हा बघा. पॉल मॉर्फी, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा, वडील आणि काका खेळताना बघूनबघून शिकलेला, बाराव्या वर्षी लोवेन्थालसारख्या नावाजलेल्या खेळाडूला हरवलेलं. हा डाव १८५८चा, तो २१ वर्षांचा असतानाचा, पॅरिसच्या ऑपेरात, समोर एक ड्यूक आणि एक काउंट, म्हणजे तिकडचे उमराव, दोघं मिळून काळ्याकडून खेळतायत, मॉर्फी पांढऱ्याकडून. "आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ला, त्यानंतर पाचच वर्षांनी बरं का," सर म्हणाले, आणि मॉर्फी एकदम स्टेशनच्या पलीकडे राहणारा वाटायला लागला.

सात चाली दाखवून सर थांबले. पांढरा वजीर बी ३ वर (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८), समोर बी ७ चं प्यादं उघडं. काय खेळाल? अख्खा वर्ग ओरडला, प्यादं घ्या सर! सरांनी घेऊन दाखवलं, मग काळ्याने वजीर बी ४ ला आणून शह दिला, वजिरावजिरी झाली आणि डावातला जीवच गेला. मॉर्फीने ते प्यादं सोडलं आणि घोडा बाहेर काढला. मग दुसरा उंट, मग दोन प्याद्यांसाठी चक्क घोडा दिला, लांबचं कॅसलिंग करून, म्हणजे एकाच चालीत राजा वजिराच्या बाजूला दोन घरं सरकवून हत्ती त्याच्यावरून पलीकडे आणून, हत्ती थेट डी पट्टीवर, तोही देऊन घोडा मारला, लगेच दुसरा हत्ती त्याच्या जागेवर हजर. आणि काळ्याकडे आमचा पोस्टकार्डचा हत्ती एच ८ वर शेवटपर्यंत तसाच, शेजारचा उंटही जागचा हलला नाही. माझ्या मते ड्यूक-काउंट तिथेच हरले.

सोळाव्या चालीला सर परत थांबले. मागच्या बेंचवर वागळे इस्टेटकडून चालत येणारा आमचा एक मित्र बसायचा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. तो हळूच म्हणाला, "सर, वजीर देऊन टाकायचा." सगळे हसले. सर हसले नाहीत, त्याला पुढे बोलावलं आणि वजीर त्याच्या हातात दिला. त्याने तो बी ८ वर खोचला, शह. घोड्याने मारावाच लागतो, आणि घोडा हलला की डी पट्टी मोकळी, हत्ती डी ८, मात! सतरा चाली. पांढऱ्याकडे प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट, बस. त्याची बोटं थरथरत होती, मी पहिल्या बेंचवर होतो, मला दिसलं.

मॉर्फीने नंतर एकदोन वर्षांतच मोठ्या खेळाडूंशी खेळणं सोडलं आणि ४७व्या वर्षी गेला, हे सरांनी पट गुंडाळताना सांगितलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दहावीनंतर तो मित्र कुठे गेला कळलंच नाही. मित्रा, हे वाचत असशील तर महोत्सवाला नक्की ये, पट मी घेऊन येतो, पांढऱ्या सोंगट्या तुझ्या.