सम जागची हलत नाही

शनिवार, रात्री साडेदहा

दोन्ही तळवे लाल झालेत.

संध्याकाळी लेकीबरोबर अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं 'क्लॅपिंग म्युझिक' बसवायला घेतलं. १९७२ ची रचना. वाद्य नाही, गळा नाही. दोन माणसं आणि टाळ्या. शाळेत असल्यापासून तबल्यावर हात घासलेत, बारा मात्रांचा एवढासा तुकडा आपलं काय वाकडं करणार, अशा गुर्मीत बसलो आणि तिसऱ्याच वळणावर आडवा झालो. आतून आईचा आवाज आला, "आरती चाललीय की भांडण?"

बोल असा: टा टा टा –, टा टा –, टा –, टा टा –. आठ टाळ्या, चार रिकाम्या जागा. एकाने हाच बोल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत राहायचं. दुसऱ्याने आधी त्याच्या बरोबरीने वाजवायचा, आणि काही आवर्तनं, म्हणजे बारा मात्रांचे फेरे, झाली की पहिली मात्रा शेपटीला टाकून एक मात्रा पुढून सुरू करायचा. पुन्हा तेवढीच आवर्तनं, पुन्हा एक मात्रा. बारा वेळा सरकलं की दोघं परत एकत्र. नियम एवढाच. लेकीने तो दोन मिनिटांत समजून घेतला आणि चोख वाजवला. मी मात्र सरकलो की दोन आवर्तनांत तिच्याच बोलात जाऊन मिसळत होतो.

कारण कळतंय. कुठेही सलग तीन टाळ्या आल्या की माझा कान तिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मानतो. माझ्या तीन टाळ्या इथे, तिच्या तिथे, म्हणजे एका तालात दोन समा. अशाने डोकं फिरणारच.

सोमवार

स्वरलिपीच्या आधी राइशने वाजवणाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या आहेत. त्या मी शहाणपणा करून वाचल्याच नव्हत्या. आज वाचल्या. सरकणाऱ्याने आपली सम तीन टाळ्यांच्या डोक्यावर न्यायची नाही. पहिल्या वादकाची जी पहिली मात्रा, तीच आपलीही धरायची. म्हणजे बोल सरकतो, सम जागेवरच. आमचे तबल्याचे सर एवढंच तर सांगत असत! तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) कुठूनही उठव, हातावरचा ताल सोडू नकोस. न्यूयॉर्कच्या माणसाने तेच लिहिलंय आणि मी शनिवारभर उलटं करत बसलो.

हे सुचलं कुठून तेही मजेशीर आहे. १९७१ मध्ये दौऱ्यावर असताना ब्रसेल्सला तो फ्लॅमेंको, म्हणजे स्पेनचं लोकसंगीत, ऐकायला गेला होता. गाणं-गिटार यथातथाच, पण कलाकार टाळ्या वाजवायला लागले तेव्हा राइश आणि त्याचे वादकही त्यात सामील झाले. नाहीतरी ही मंडळी गावोगाव मरिंबा, बोंगो, स्पीकर, तारा वाहून नेत होती. शरीरापलीकडे काही लागणार नाही असं एखादं संगीत असावं, असं त्याला वाटलं. तबला-डग्ग्याची पिशवी मांडीवर घेऊन एसटीने हिंडलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरा धागा घानाचा. १९७० मध्ये तो आक्र्याला एवे लोकांचं ढोलवादन शिकायला गेला. नंतर तो म्हणत आला की तिथे त्याला नवी दिशा मिळाली असं नाही, धरलेली वाट बरोबर आहे याची खात्री पटली. मला हे आधी जरा तोऱ्याचं वाटलं होतं. मग कागदावर आकडे मांडून पाहिलं. राइशच्या बोलातली दुसरी टाळी गाळली की सात उरतात, आणि त्या सातांची अंतरं एवे लोकांच्या गांकोगुई या जोडघंटेवरच्या बारा मात्रांच्या ठेक्याशी तंतोतंत जुळतात. मोजायला कुठल्या घावापासून सुरुवात करायची, एवढाच फरक. ऋण मोठं आहे, राव. एक टाळी वाढवून त्याने ते आपलं केलं.

बुधवार

ऑफिसातून येताना राइशच्या टेपवरच्या रचना ऐकल्या. सरकवण्याची ही युक्ती मुळात यंत्राच्या चुकीतून आलेली. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये नोहाच्या प्रलयाबद्दल तावातावाने बोलणारा एक धर्मोपदेशक त्याने ध्वनिमुद्रित केला. त्याच्या बोलण्याचा एकच तुकडा दोन यंत्रांवर बरोबर जुळवायचा होता. पण यंत्रं एका चालीने चालेनात. एक हळूहळू दुसऱ्याच्या पुढे सरकायला लागलं. राइशने ते थांबवलं नाही. 'इट्स गॉना रेन', १९६५. दुसरा भाग मला आजही शेवटपर्यंत ऐकवत नाही. शब्दांचा चिखल होतो. तसा व्हावा हाच हेतू असणार, पण म्हणून तो सोसवतो असं नाही.

'कम आउट' (१९६६) मात्र सोडवत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांनी मारहाण केलेल्या एका तरुणाचं ते वाक्य आहे. रक्त दिसल्याशिवाय दवाखान्यात नेत नव्हते, म्हणून त्याने आपलीच सूज दाबून रक्त बाहेर काढलं. त्याचा आणि त्याच्या साथीदारांचा खटला पुन्हा चालावा यासाठी झालेल्या निधी-कार्यक्रमाकरता राइशने ही रचना केली. शेवटचे पाच शब्द आधी दोन, मग चार, मग आठ आवाजांत फुटत जातात. माझा थांबा मागे गेला.

रविवार

सकाळी जमलं! बाराही वळणं, मग पुन्हा एकत्र. शेवटच्या आवर्तनाला लेक हसत होती म्हणून एक टाळी हुकली, ती मी मोजत नाही. आईने पोहे ढवळता ढवळता उलथन्याने कढईवर दाद दिली.

दुपारी दोघांनी 'डिफरंट ट्रेन्स' ऐकलं, १९८८ चं. राइशचे आईवडील वेगळे झाले होते. आई लॉस एंजेलिसला, वडील न्यूयॉर्कला. १९३९ ते ४२ या काळात हे पोर आपल्या दाईबरोबर आगगाडीने दोघांकडे ये-जा करायचं. पुढे मोठेपणी त्याच्या लक्षात आलं, आपण तर ज्यू, त्याच वर्षांत युरोपात असतो तर वेगळ्याच गाड्यांत बसावं लागलं असतं. मग त्याने म्हाताऱ्या झालेल्या दाईचा आवाज मुद्रित केला, गाडीतल्या एका निवृत्त पोर्टरचा केला, आणि छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलाखती संग्रहांतून मिळवल्या. त्यांच्या बोलण्यातले चढउतार स्वरांत उतरवून तारवाद्यांना दिले. बाई बोलते तेव्हा व्हायोला, पुरुष बोलतो तेव्हा चेलो. पढंत, म्हणजे आधी तोंडाने बोल म्हणायचा, आणि लगेच तबल्यावर तोच बोल, तसं. फक्त इथे बोल म्हणजे माणसांच्या आठवणी. मधल्या भागात गाडीच्या शिट्टीच्या जागी भोंगे येतात. तेव्हा लेकीने आवाज कमी केला, मी काही बोललो नाही.

तिसऱ्या भागाच्या अखेरीस एक मुलगी येते. तिचा गळा फार गोड होता आणि जर्मनांना तिचं गाणं आवडायचं. ती थांबली की ते म्हणत, आणखी, आणखी. आणि टाळ्या वाजवत.

लेकीने विचारलं, "टाळ्या कोणी वाजवल्या?"

सांगितलं. संध्याकाळी सराव केला नाही.