मिरामारला दुपारी एक वाजता

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीला, लोक पहाटे मिरामारच्या वाळूवर गर्दी करतात, रंगीत टोप्या पाण्यात शिरतानाचे फोटो काढतात आणि नऊ वाजता नाश्त्याला पांगतात. मला विचाराल तर यायचं दुपारी एकला. करंझाळेच्या बाजूला एखादं झाड गाठायचं आणि सावलीत उभं राहायचं. १.९ किलोमीटर समुद्र आणि ९० किलोमीटर सायकल संपवून माणसं २१.१ किलोमीटर धावायला निघालेली असतात. कुणाची तयारी किती होती, हे त्या वेळी वेगळं सांगावं लागत नाही.

मी कोल्हापूरच्या मंडळींबरोबर जातो ते सारथी आणि मिस्त्री म्हणून. आजरा, आंबोली, सावंतवाडी हा नेहमीचा रस्ता. घाटात धुकं, बांद्याच्या पुढे घामाची आंघोळ. शुक्रवार नोंदणीच्या रांगेत गेला. आधी ठरवलेल्या हॉटेलने सायकली खोलीत न्यायला मनाई केली, पार्किंगमध्ये उभ्या करा म्हणाले. लाखा-दीड लाखाच्या सायकली रात्रभर पार्किंगमध्ये! तिथून निघालो आणि ताळगावात एका मावशींकडे उतरलो. त्यांनी सायकली थेट हॉलमध्ये घ्यायला लावल्या आणि शर्यतीच्या पहाटे साडेतीनला उठून उकड्या तांदळाची पेज केली. सुटण्याआधी तीन तास पोटात घालायला याहून चांगलं काही मला माहीत नाही.

शनिवार सायकली जोडण्यात गेला. खोलण्यापूर्वी सीटपोस्टवर टेप लावून उंचीची खूण करून ठेवा, नाहीतर जोडताना पाच मिलिमीटरचा फरक पडतो आणि साठाव्या किलोमीटरला गुडघा बोलायला लागतो. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवलं की क्रँकचे आटे गेलेच म्हणून समजा. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर (तिला धरणारी पट्टी) प्रवासात हमखास वाकतो, म्हणून चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर टाकून ती स्पोक्सकडे जात नाही ना, हे बघायचं. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्याकडे जाताना कपडे-बूट बदलायच्या जागेत, सायकल आदल्या दिवशी ठेवावी लागते. तेव्हा ट्यूबमध्ये ६०-७० पीएसआयच ठेवा. पूर्ण भरून उन्हात सोडलेली ट्यूब कधी कधी बसल्या जागी फुटते. उरलेली हवा पहाटे भरायची. सत्तर किलोच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८५-९० पुरे. १२० भरणारे अजून भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

पोहण्याबद्दल थोडक्यात. इथलं पाणी उबदार, म्हणजे वेटसूटचा आधार नाही. मांडवीचं मुख शेजारीच, त्यामुळे पाणी गढूळ आणि टाकीच्या तळाशी असते तशी सरळ जायला काळी रेघ नाही. २५ मीटरच्या टाकीत सरावलेला माणूस दर लांबीला भिंतीला ढकलून फुकटचे चार-पाच मीटर मिळवत असतो, ते इथे बंद होतात. वर तो वाकडा जातो. दर १०० मीटरला ३ मिनिटं हा वेग धरला तर १९०० मीटरला ५७ मिनिटं लागतात. वाकडं जाऊन तेच २२०० झाले की ६६, आणि कटऑफ, म्हणजे बाद होण्याची मुदत, ७० मिनिटांची. तेव्हा दर आठ हातांना मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून बोया बघायचा. पूर्ण डोकं वर काढलं की कंबर बुडते आणि दम जातो.

आता सायकल. दुपारी एकचं सगळं रामायण इथे लिहिलं जातं. पोहून बाहेर आलेला माणूस खुशीत असतो, रस्ता गुळगुळीत असतो, पोलीस शिट्टी वाजवून वाहनं अडवून धरतात. सरावात २५ च्या वेगाने जाणारा इथे २८ ने निघतो. पूर्ण ९० किलोमीटरला ३ तास ३६ मिनिटांऐवजी ३ तास १३, म्हणजे २३ मिनिटांची कमाई. पण सपाटीला वाऱ्याविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १२ टक्के वाढवायचा तर त्यासाठी ताकद ४० टक्के जास्त लागते. ही ताकद ज्याच्याकडे नसते, तो ती मांड्यांमधल्या साठलेल्या साखरेतून उसनी घेतो. त्यात पणजीभोवती पठारावर चढायचं म्हणजे छोटे छोटे चढ आले. तिथे मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या दातेरी चक्रावर) मिनिटाला ६० फेऱ्यांनी दाबत चढणारे दिसले की पुढे काय होणार ते कळतं. ३४ दात्यांच्या छोट्या चेनरिंगवर या, ८० फेऱ्या ठेवा, कुणी पुढे गेला तर जाऊ द्या. पुढच्याच्या मागे चिकटून वारा वाचवायचीही सोय नाही. १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, पकडले गेलात तर पेनल्टी टेंटमध्ये ५ मिनिटं बसा.

खाण्याचा हिशोबही सायकलवरच चुकतो. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. एका जेलमध्ये, म्हणजे पाकिटातल्या घट्ट गोड पाकात, २२ ते २५ ग्रॅम असतं, म्हणजे दर २५ मिनिटांना एक. घरगुती उपाय हवा असेल तर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू. त्यावर एखादी चिक्की. नुसत्या ओआरएसवर भरवसा ठेवणारे बरेच असतात. त्यात मीठ भरपूर, पण लिटरमागे ग्लुकोज अवघं साडेतेरा ग्रॅम. जुलाबाच्या पेशंटसाठी केलेलं ते पेय आहे, ९० किलोमीटरसाठी नाही.

तर दुपारी एक. ऑक्टोबर हीट, डोक्यावर ऊन आणि हवेत एवढा दमटपणा की घाम सुकतच नाही. घाम सुकला तरच अंग थंड होतं. इथे तो नुसता गळतो, रक्त कातडीकडे धावतं, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वीस-वीसने वाढतात. काळ्या ट्रायसूटवर (तिन्ही प्रकारांना चालणाऱ्या अंगाबरोबरच्या पोशाखावर) मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. एकाने जेलचं टोक दातांनी तोडलं, अर्धं पिळलं, तोंड वेंगाडलं आणि उरलेलं परत खिशात कोंबलं. पाण्याशिवाय घेतलेलं जेल पोटात तसंच बसतं आणि मळमळतं. मग माणूस खाणंच बंद करतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात पाय संपतात. दुसरा कठड्याला धरून पोटरीतला गोळा सोडवत होता. त्याला कुणीतरी मिठाची गोळी दिली. मीठ कमी पडलेलं असेलही, पण असा गोळा बहुतेक वेळा थकलेल्या स्नायूचा असतो. थांबा, ताण द्या, मग छोट्या पावलांनी निघा. हाताची बोटं सुजलेली आणि डोकं जड असेल तर साधं पाणी आणखी पाजू नका. अशा माणसाने बहुधा आधीच जास्त पाणी प्यायलेलं असतं आणि रक्तातलं मीठ पातळ झालेलं असतं. त्याला थेट वैद्यकीय तंबूत न्यायचं.

शेजारच्या घरातले एक काका बागेचा पाइप घेऊन फाटकात उभे होते, येईल त्याच्या मानेवर पाणी सोडत होते. दिवसभरातलं सगळ्यात उपयोगी काम त्यांचं. बाकीचे ओरडत होते, ‘अरे मनाने जिंकायचं असतं!’ या वाक्याचा मला मनस्वी वैताग आहे. ज्याच्या मांडीत साखर उरलेली नाही त्याला मनाचं काय सांगता? त्याला बर्फ द्या, टोपीत घालायला.

पहिले दहा किलोमीटर, किलोमीटरला ६:१५ मिनिटांनी पळून मग ११ मिनिटांच्या संथ चालीवर आलेले कितीतरी जण दिसतात. त्यांची बेरीज ३ तास ५ मिनिटांच्या आसपास जाते. त्याऐवजी पहिल्या पावलापासून ४ मिनिटं सातच्या वेगाने धावायचं आणि १ मिनिट झपाझप चालायचं ठरवलं तर सरासरी साडेसातची पडते, म्हणजे २ तास ३८. तयारी तेवढीच, पाय तेच, २७ मिनिटं खिशात. कमी तयारीच्या माणसाने हा हिशोब आधी करायचा असतो. पण पहिल्या किलोमीटरला, सगळे टाळ्या वाजवत असताना, चालायला लाज वाटते.

रात्री मावशींच्या अंगणात माशाची कढी-भात आणि मोबाइलवर प्रत्येकाचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा. स्प्लिट वाचायची माझी पद्धत सोपी आहे. एकूण वेळ बाजूला ठेवायची. धावण्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पाच किलोमीटरच्या वेगात किलोमीटरमागे मिनिटाहून जास्त फरक असेल तर सायकल जोरात झाली किंवा खाणं कमी पडलं. फरक कमी असून वेळ जास्त असेल तर खरंच किलोमीटर कमी पडले, त्याला सरावाशिवाय उपाय नाही. टी-१ मध्ये, म्हणजे पोहून सायकलवर बसेपर्यंत, दहा मिनिटं गेली असतील तर मोज्यात वाळू होती. पाण्याची एक बाटली आणि छोटा टॉवेल ठेवला की ती चारवर येतात. तंदुरुस्ती न वाढवता मिळणारी वेळ आधी उचलावी.

बारा आठवडे आणि आठवड्याला आठ तास एवढंच हाती असेल तर मी असे वाटेन: दोन वेळा पोहणं, त्यातलं एक कोल्हापूरच्या राजाराम तलावात, सोबत कुणीतरी आणि कमरेला टो-फ्लोट (मागे तरंगणारी हवेची रंगीत पिशवी). साडेतीन तासांची एक सायकल, शर्यतीत जे खायचं तेच दर २५ मिनिटांना खात, आणि उतरल्या उतरल्या वीस मिनिटं धाव. मधल्या वारी एक धाव, हळूहळू १७-१८ किलोमीटरपर्यंत नेलेली. शेवटचे दोन आठवडे कोरड्या कोल्हापुरातून गोव्याच्या दमटपणाची सवय करायची तर खिडक्या लावून, पंखा बंद करून, घरातल्या ट्रेनरवर (सायकल अडकवून जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) तासभर. घरचे शिव्या देतात, ते गृहीत धरा. आठवड्यात एकच गोष्ट जमणार असेल तर ती लांब सायकल आणि पाठोपाठची धाव.

सोमवारी सकाळी निघालो. आंबोलीच्या वळणांवर मागच्या सीटवर दोघांच्या मांड्या आखडल्या, तीनदा गाडी थांबवावी लागली. यापुढे सगळ्यात उंच माणूस पुढच्या सीटवर, मग त्याला रस्ता कळो वा न कळो.