उसन्या शब्दांनी प्रार्थना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "प्रार्थनेला बसते, डोळे मिटते आणि दोन वाक्यांत सगळं आटोपतं. पुढे काय बोलायचं ते सुचतच नाही. प्रार्थना शिकायची तरी कशी?" उपासना संपल्यावर कुणी ना कुणी मला हे विचारतंच, आणि विचारताना आवाज हळू करतं. इतकी वर्षं ख्रिस्ती म्हणून जगल्यावर हे यायलाच हवं होतं, असं वाटत असावं.

पण येशूच्या शिष्यांनाही ते शिकावंच लागलं. लहानपणापासून सभास्थानात प्रार्थना ऐकत वाढलेली ती माणसं. तरीही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशूची प्रार्थना आटोपल्यावर त्यांच्यातला एक जण म्हणतो, "प्रभूजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा." येशूने दृष्टान्त सांगितला तो नंतर. आधी त्याने म्हणायला शब्द दिले.

म्हणून माझं सांगणं हेच, की सुचत नसेल तर शब्द उसने घ्या. यात अनेकांना कमीपणा वाटतो. पाठ केलेली प्रार्थना मनापासूनची कशी असेल, असं ते विचारतात आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली व्यर्थ बडबडीबद्दलची ताकीद पुढे करतात. ताकीद आहेच; पण ती पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो, असं समजणाऱ्यांसाठी. आणि तिच्या मागोमागच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना येते.

खुद्द येशूकडे पाहा. वधस्तंभावर तो म्हणतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे प्राचीन प्रार्थनागीतांच्या संग्रहातल्या, बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. प्राण सोडताना तो आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो, ते शब्द एकतिसाव्या स्तोत्रातले. अतिशय वेदनेत त्याच्या ओठांवर आले ते शेकडो वर्षांपूर्वीच्या भक्तांचे शब्द. ते मनापासूनचे नव्हते असं कोण म्हणेल?

एकशे पन्नास स्तोत्रांपैकी सुरुवातीला मी तेरावं सुचवते. सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा, ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे, चार वेळा विचारतो, कुठवर? परमेश्वरा, कुठवर मला विसरणार? कुठवर तोंड लपवणार? ही वचनं सावकाश, शक्यतो ओठ हलवून वाचा आणि तिथेच थांबा. तुमचं 'कुठवर' काय आहे ते देवाला सांगा. आजारपण असेल, न मिळणारं काम असेल, घरातला अबोला असेल. नेमकं सांगा, नाव घेऊन सांगा. मग तिसरं वचन, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. इथे मागायचं. पाचव्या वचनाशी दावीद देवाच्या दयेवरच्या भरवशाकडे वळतो. तुम्हाला आज तिथवर जाता आलं नाही, तर चौथ्या वचनाशी थांबलात तरी चालेल. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ते गाणाऱ्याने शेवट गोड केला नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला यातून फार धीर येतो. देवासमोर खोटं हसू आणायची गरज नाही.

मन भरकटलं तर? ज्या माणसाकडे, ज्या काळजीकडे ते गेलं, तिच्यासाठीच प्रार्थना करा आणि परत वचनाकडे या.

आणि शब्दच फुटत नसतील तर जुन्या करारातल्या, मूल व्हावं म्हणून मंदिरात प्रार्थना करणाऱ्या हन्नाची आठवण ठेवा. तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, ती प्यायलेली आहे. देवाने मात्र ऐकलं. आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनवणी करतो, असं प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलं आहे. मी यावर अक्षरशः विसंबून आहे.

यापुढचा प्रश्न सहसा दबक्या आवाजात येतो, मागितलेलं मिळालंच नाही तर? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मी गेथशेमाने बागेकडे बोट दाखवते, जिथे येशूने अटकेच्या आधी प्रार्थना केली. तिथे त्याने प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, टळावा म्हणून विनवलं, आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले. प्याला टळला नाही. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो," ही शिष्यांना शिकवलेली ओळ तिथे त्याने स्वतः म्हटली. ती म्हणणं त्यालाही सोपं गेलं नाही, म्हणून मीही ती घाईने कुणाच्या तोंडी घालत नाही. आधी आपलं मागणं पुरतं मागू द्यावं.

राहता राहिलं ते चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करणं. त्याची भीती वाटत असेल तर पुस्तक उघडून एक स्तोत्र वाचा आणि आमेन म्हणा. ती पूर्ण प्रार्थना आहे.