कोतवाल बुकातला ऑक्टोबर १९१८

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आम्हा मोडी वाचणाऱ्यांना गावोगावच्या कार्यालयांतून बोलावणी आली. काम एवढंच: रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं दप्तर सोडायचं, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकाची, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, पानं उलगडायची, जातीच्या रकान्यात कुणबीचा ‘कु’ दिसला की खूण करायची. संध्याकाळी साहेबांचा प्रश्न ठरलेला, “आज किती पानं?” काय वाचलंत, हे कुणी विचारत नाही. असं महिनोन्महिने केलं की डोळा एकच अक्षर शोधायला लागतो आणि बाकीची ओळ दिसेनाशी होते. समोर रुमालांची थप्पी आणि हात उचलत नाही, अशी माझी गत झाली होती.

त्यात नगर जिल्ह्यातल्या एका गावाचं बुक आलं. आधीची पानं सुबक, आणि मधूनच अक्षर पार विस्कटलेलं. फाटक्या पानांना कुणीतरी सेलोटेप लावलेला. तो कागद खातो, शाई उचलतो. हे सांगून मी थकले आहे, तरी लावतातच.

मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं. लिहिणाऱ्याचं वळण कळलं नाही तर एक ओळही हलत नाही. पुराभिलेखातून निवृत्त झालेले आमचे गुरुजी पान बघून म्हणाले, “ताई, जात शोधू नका. मरणाचं कारण वाचा. तिथे शब्द मोजकेच असतात.”

खरंच होतं. देवी, पटकी, म्हातारपण, ताप. या पानावर तर वरून खाली एकच शब्द उतरला होता: ताप. त्यातून या माणसाचा त मिळाला, काना मिळाला, प मिळाला. मग वाड्यांची नावं लावून पाहिली आणि शेजारच्या कागदावर त्याचा अक्षरतक्ता भरत गेला. दुपारपर्यंत पान वाहायला लागलं, तेव्हा तारखांकडे नीट लक्ष गेलं. ऑक्टोबर १९१८. जुनी माणसं जिला मानमोडी म्हणत, ती इन्फ्लुएंझाची साथ.

मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढतात, मग अक्षरं लिहितात. उन्हाळ्यातल्या पानांवर याच्या रेघा सरळ होत्या. ऑक्टोबरात त्या तिरक्या, घाईच्या. एकाच तारखेच्या नोंदी पुढच्या पानावर गेलेल्या. एकाच बापाच्या नावाखाली तीन मुलं. कित्येक ओळींत जातीचा रकाना कोरा. रोज इतकी मरणं लिहिणाऱ्याला तो भरायला उसंत कुठली?

त्या दिवशी मी प्रत्येक ओळ अखेरपर्यंत वाचली. भूक लागल्याचंही कळलं नाही. पानं मात्र कमी झाली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर ते ऐकवलं.

शेजारच्या वाचकाचं म्हणणं, रकाना कोरा म्हणजे नोंद नाही, पुढे चला. मला ते पटत नाही. मयताचं नाव आहे, बापाचं आहे, वाडी आहे. कुणाच्या तरी वंशावळीतला तुटलेला दुवा इथेच जुळू शकतो. म्हणून मी शेऱ्यात लिहायला लागले आहे: ‘जात कोरी, नावे वाचनीय’, आणि खाली सगळी नावं. याला कार्यालय काय किंमत देईल, मला कळत नाही. पण आता नवा रुमाल सोडला की मी मरणाच्या कारणापासूनच सुरुवात करते.