खुर्चीवरचा ढीग

खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडलाय, घड्या घालायच्यात, आणि मी समोर बसून काहीच करत नाहीये. गेले काही महिने शब्बाथ, म्हणजे बायबलने सांगितलेला आठवड्यातला काम न करण्याचा दिवस, पाळायचा प्रयत्न करतेय त्यात सगळ्यात अवघड हेच, प्रार्थना जमते, चर्चला जाणं जमतं, तो ढीग बघून न उठणं जमत नाही. मघाशी एक टॉवेल घडी होऊन बाजूला पडलेला दिसला तेव्हा कळलं की अगंबाई, मी उठले कधी?

आधी मला वाटायचं शब्बाथ म्हणजे सुट्टी. (मूळ दिवस शनिवार, येशू रविवारी मरणातून उठला म्हणून आपण बहुतेक जण रविवार धरतो, तो वाद इथे नको.) पण हिब्रूत त्या शब्दाच्या मुळाशी थांबणं आहे. देवाचं काम सहा दिवसांत संपलं, मग तो थांबला, त्याचं ठीक आहे. माझं कुठे संपतंय? म्हणजे अर्धवट टाकूनच बसायचं.

सुरुवातीला रविवार मोकळा मिळावा म्हणून मी शनिवारी दुप्पट राबायचे. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १६व्या अध्यायातला मान्ना, म्हणजे देवाने रानात इस्राएली लोकांना दिलेलं अन्न, डोक्यात होता ना, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, भाजायचं ते भाजून, शिजवायचं ते शिजवून ठेवायचं. एरवी सकाळपर्यंत उरवला की किडे पडायचे, त्या एका रात्री नाही पडायचे. मी त्यातलं फक्त ‘दुप्पट’ उचललं आणि रविवारी ऐन उपदेशात पेंगले. नंतर परत वाचलं तर त्यातले काही जण सातव्या दिवशीही गोळा करायला बाहेर गेलेच होते, आणि हात हलवत परत आले. ती माणसं मला एकदम घरची वाटली! घरात भरपूर आहे, तरी एकदा बघून येऊ. मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवते आणि दर अर्ध्या तासाने ड्रॉवरपाशी घुटमळते, ते दुसरं काय आहे.

मग दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञाच नीट वाचली. तू काम करू नकोस, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, वेशीच्या आतला उपरा, कुणीच नको. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात तीच आज्ञा परत येते, तिथे तर बैल आणि गाढव वेगळे सांगितलेत. बायको नाही! दोनदा वाचलं. गाढवाला सुट्टी आणि आमचं काय? नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, “‘तू’ मध्ये तू आलीसच की.” हे तो मी वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन म्हणाला हे सोडा, पण बरोबर आहे त्याचं. आणि तिथे कारणही वेगळंय, देवाने विसावा घेतला म्हणून नाही, तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास ते आठव म्हणून. दासाला कोण थांबू देणार? मला मात्र कुणी हाकत नाहीये, मीच मुकादम आणि मीच मजूर.

आता शनिवारी संध्याकाळपासूनच सुरू करते. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकात बघा, आधी संध्याकाळ झाली मग सकाळ, दिवसाची सुरुवातच झोपेने. उठेपर्यंत अर्धा शब्बाथ माझ्याशिवाय पार पडलेला असतो, हे भारी वाटतं आणि जरा लागतंही.

ढीग अजून तिथेच आहे. तो एक टॉवेल तेवढा नीट घडी केलेला, बाकीच्यांत उठून दिसतोय, परत विस्कटून टाकावासा वाटतंय, पण तेही कामच की.