आज दोघं रिमोटवरून भांडले

आज माझी दोन्ही पोरं, मोठी आणि धाकटा, रिमोटवरून कडाकडा भांडली आणि मी चक्क मधे पडले नाही, किचनमधूनच ऐकत राहिले. धाकट्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यापासून घरात सगळंच बदललंय. मागच्या आठवड्यात तो रडकुंडीला येऊन सांगत होता, ताई माझ्याशी भांडतच नाही आता, काहीही मागितलं की लगेच देऊन टाकते, म्हणजे मी वेगळा झालोय ना? यावर काय बोलणार. तिला वाटतं आपण चांगलं वागतोय आणि याला कळतं की घरात सगळे आपल्याशी काचेचं भांडं असल्यासारखं वागतायत.

कौन्सेलर मॅडम हेच म्हणतात, झोपायची वेळ, अभ्यास, मोबाईलचा टाइम, सगळं आधी होतं तसंच ठेवा. एकदम सगळी शिस्त सैल सोडली की पोराला वाटतं काहीतरी फारच भयंकर झालंय, आईबाबांच्यापण हाताबाहेर गेलंय. तरी हे करणं अवघड आहे हो, रात्री अजून एक गोष्ट सांग म्हणाला की नाही म्हणवत नाही.

त्याच्या बाबतीत जे झालं ते नात्यातल्याच माणसाकडून. बहुतेक वेळा माणूस ओळखीचाच असतो हे वाचून माहीत होतं, पण ज्याला आपण आपल्या हाताने जेवायला वाढलंय त्याचं नाव पोराच्या तोंडून ऐकणं वेगळं. आणि त्याने एका दमात सांगितलंच नाही कधी. आधी नुसतं "तो येणार असेल तर मी जेवायला बाहेर येणार नाही", मग सारखं पोटात दुखणं, मग बऱ्याच दिवसांनी थोडं, मग अजून थोडं, आणि मधेच एकदा "मी खोटं बोललो होतो" असंपण. सगळे किती पटकन खूश झाले त्या एका वाक्यावर! रोलँड समिट नावाच्या सायकिअ‍ॅट्रिस्टने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की गुपित ठेवणं, हतबल होणं, अडकून पडणं, उशिरा आणि अर्धवट सांगणं आणि मग सांगितलेलं मागे घेणं, अशा वाटेने मुलं जातात. आता मागे घेतलं म्हणून ते खरंच असणार असं काही त्यावरून सिद्ध होत नाही, पण मागे घेतलं म्हणजे खोटंच होतं असंही नाही ना. आम्ही त्याला परत परत खोदून विचारलं नाही. ज्यांना ते काम येतं त्यांनी एकदा नीट विचारलं, मोकळे प्रश्न, त्याच्या तोंडात शब्द न घालता. घरच्यांनी दहादा विचारलं की पोरगं गोंधळतं आणि समोरच्याला काय ऐकायचंय तसं उत्तर द्यायला लागतं.

एक नातेवाईक अजून म्हणतात, डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही ना, मग? अहो बहुतेक मुलांच्या तपासणीत काहीच सापडत नाही, पुष्कळ प्रकारात खूण राहतच नाही आणि राहिली तरी भरून येते लवकर. हे समजावून समजावून माझा घसा बसलाय, आता फोनच घेत नाही.

मोठीचं मात्र वेगळंच चाललंय. ती तेव्हा शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसली होती, हे तिने स्वतःच काढलं, कोणी विचारलंपण नव्हतं. तिला किती सांगायचं हे मी आधी धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, ताईला सांग पण काय केलं ते नको सांगू. मग तेवढंच सांगितलं, की त्याला कोणी हात लावायला नको होता तसा त्या माणसाने लावला, आता तो माणूस या घरात येणार नाही आणि यात याची काही चूक नाही. त्याच रात्री बघते तर हिने गादी ओढत आणून त्याच्या दारात टाकलेली! लक्ष ठेवणं हे माझं आणि बाबाचं काम आहे, तुझं नाही, हे तिला कितीतरी वेळा सांगावं लागलं.

तिलापण विचारायचं होतं, तुला कधी काही केलं का त्याने. समोरासमोर बसून नाही विचारलं, कपड्यांच्या घड्या घालताना विचारलं, नजर खाली ठेवता येते तेव्हा. बराच वेळ गप्प, मग नाही म्हणाली. मी म्हटलं, उद्या परवा कधी उत्तर बदललं तर तेव्हापण सांग, चालेल.

आणि परवा ती एकदम फुटलीच, "याच्यामुळे आपण कोणाकडेच जात नाही, सगळे भाऊबहीण भेटायचे बंद झाले, माझं कोणाला पडलंय?" नशीब तो घरात नव्हता. मी ओरडले नाही कारण तिचं खरंच आहे, तिचंपण गेलंय बरंच काही. एवढंच म्हटलं की राग येऊ दे ना, पण याच्यामुळे नाही, त्या माणसामुळे. त्यावर ती म्हणाली, मला माहितीये गं, तरी येतो. बरोबर आहे, मलापण येतो कुठेही.

यांचा राग अजून वेगळा. सोडणार नाही त्याला, हे वाक्य पोराच्या कानावर पडलं आणि तो हळूच मला विचारतो, बाबाला पोलीस नेतील का माझ्यामुळे? तेव्हापासून बाबा असलं काही बोलायचं झालं तर बाहेर जाऊन बोलतात, आणि पोराला जवळ घेण्याआधी "घेऊ का?" विचारतात. कधी तो नाही म्हणतो, मग नाही.

त्याची थेरपी चालू आहे, ट्रॉमा फोकस्ड सीबीटी म्हणतात ती, म्हणजे असा धक्का बसलेल्या मुलांसाठी बोलण्यातून विचार आणि वागणं सावरायला मदत करणारी पद्धत, त्यात आईबाबांनापण वेगळं बसवतात, साधारण १२ ते १६ सेशन, कधी जास्त. आता मोठी स्वतःहून म्हणतेय मलापण जायचंय. ते ऐकून हा लगेच, "माझ्या मॅडमकडे नाही हं!" त्यात चूक काही नाही, जे त्याचं आहे ते त्याचंच राहू दे. तिच्यासाठी दुसऱ्या मॅडम शोधतोय, सोमवारी फोन करायचाय.